व्याजाचं शहर, बिनव्याजी मोहल्ला

माळवा मराठ्यांनी जिंकला तो कर्ज काढून. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला चिमाजीअप्पांनी मोगलांच्या गिरधर बहादूर आणि दया बहादूर यांना लोळवलं, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्या फौजेचा पगार कुठून आला, हे नसतं. थोरल्या बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रं उघडली की ते कळतं. सावकारांच्या तगाद्याने आपण कसे मेटाकुटीला आलो आहोत, हे रडगाणं पेशवा ज्या गोसाव्यापुढे गातो आहे, तो गोसावी स्वतःच त्याचा सावकार. गुरूने शिष्याला दिलेल्या रकमेवर व्याज चालू असे आणि त्याची आठवणही स्वामी वेळेवर करून देत. दिल्लीच्या वाटेवरचा हा सगळा मुलूख असा आधी वहीत चढला आणि मग राज्यात आला.

उज्जैन राणोजी शिंद्यांच्या वाट्याला आलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी महाकाळाचं देऊळ पुन्हा उभं केलं. देवळाबरोबर घाट आले, वाडे आले, आणि वाड्यांच्या मागोमाग सराफा भरू लागला. राजधानी झालेल्या गावात पैशाला उसंत नसते. पीक घरात यायच्या आधी फौजेला रोजमुरा द्यावा लागे. सावकार तो पुढच्या वसुलीवर आगाऊ देई आणि त्यावर दरमहा शेकडा एक-दोन रुपये व्याज लावी. त्याशिवाय मनोती नावाची वेगळी रक्कम कापली जाई. नाणी वेगवेगळ्या टांकसाळींची, म्हणून बट्टा निराळा. पैसा पुण्याला हुंडीने पाठवायचा तर हुंडणावळ निराळी. हुंडी दर्शनी असेल तर दाखवताच पैसे, मुदती असेल तर मुदत भरल्यावर. उज्जैनच्या पेढीवर लिहिलेला कागद सुरतेला किंवा पुण्याला सकारला जायचा तो केवळ लिहिणाऱ्याच्या पतीवर.

व्याजाबद्दल अवघडलेपण काही एकट्या इस्लामची मिरास नाही. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: व्याज चढत चढत मुदलाइतकं झालं की पुढे चढू नये. सावकाराला व्याज घेऊ द्यायचं, पण ऋणकोचा गळा घोटू द्यायचा नाही, अशी ती मधली वाट. शास्त्राने घातलेलं हे कुंपण सराफ्यात किती पाळलं जाई, हा वेगळा विषय. जुना दस्त फाडून व्याजासकटच्या रकमेचा नवा दस्त केला की दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, ही युक्ती कुठल्याही मुनिमाला शिकवावी लागत नसे.

त्याच सुमारास उज्जैनला आणखी एक गादी आली, आणि मराठी इतिहासात तिचा उल्लेख सहसा सापडत नाही. ही गादी दाऊदी बोहऱ्यांच्या दाईंची. इस्माईली शियांची ही शाखा इमामाला अदृश्य मानते. इमामाच्या वतीने जमातीचा सगळा कारभार, धर्माचा आणि पुष्कळसा संसाराचाही, दाई पाहतात. १५६७ च्या सुमारास ही गादी येमेनमधून गुजरातेत आली. अहमदाबाद, जामनगर, मांडवी असा प्रवास करत अठराव्या शतकात ती शिप्राकाठी पोचली. १७३७ ते १७५४ या काळातले ३९वे दाई इब्राहीम वजीहुद्दीन आणि १७५४ ते १७७९ पर्यंतचे ४०वे दाई हिबतुल्लाह अल-मुअय्यद या दोघांच्या कबरी उज्जैनमध्येच आहेत. साल जुळवून पाहावं. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले, पानिपत झालं, महादजींनी जखमी पायाने दौलत सावरली, त्या सगळ्या काळात शिंद्यांच्या या शहरात बोहऱ्यांचा सर्वोच्च धर्मगुरू राहत होता आणि त्याच्या भोवती व्यापाऱ्यांची वस्ती दाट होत होती. माळव्यात एका फाटकाआडच्या अशा घरांच्या पुंजक्याला बाखल म्हणतात. बोहऱ्यांच्या बाखली बाजाराला लागून असत. दिवसा दुकान, संध्याकाळी मशीद, आणि दोहोंच्या मध्ये दोन मिनिटांची वाट.

बोहऱ्यांचा कायद्याचा मुख्य ग्रंथ म्हणजे फातिमी काळातल्या काझी नुमान यांचा ‘दआइमुल इस्लाम’. त्यात आणि कुराणात व्यापार हलाल आहे, रिबा हराम. पैशावर वेळेचं भाडं घ्यायचं नाही. नफा हवा असेल तर तोट्यातही भागीदार व्हायचं. अडलेल्याला द्यायचं ते कर्ज-ए-हसना, म्हणजे जेवढं दिलं तेवढंच परत घ्यायचं. हे सगळं उज्जैनच्या बोहरा व्यापाऱ्याला ठाऊक होतं, आणि ज्या बाजारात तो बसला होता त्या बाजाराची तर दर कागदामागे कटौती ठरलेली. व्यापार करायचा म्हणजे हुंडी आली, हुंडी आली की मुदत आली, आणि मुदतीला किंमत असते. त्यामुळे व्यवहार चालू राहिला. पुढेही जवळजवळ दोनशे वर्षं बोहरा व्यापारी व्याजाच्या दुनियेत इतर कोणाही व्यापाऱ्यासारखाच वावरत राहिला. ग्रंथ तोच होता, माणसं श्रद्धाळू होती, दाई तर शेजारी राहत होते. तरीही बिनव्याजी पेढी उभी राहिली नाही. धर्माची आज्ञा आहे म्हणून लोक इस्लामी बँकेकडे वळतात, असं ज्यांना सरळसोट वाटतं, त्यांनी या दोनशे वर्षांचा हिशेब आधी द्यावा.

जमातीची पकड मात्र तेव्हाही सैल नव्हती. याच उज्जैनमध्ये इस्माईल बिन अब्दुल रसूल नावाचा विद्वान राहत होता. इस्माईली ग्रंथांची त्याने केलेली ‘फिहरिस्त’ आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. १७६१ च्या सुमारास त्याच्या मुलाने, हिबतुल्लाहने, दावा केला की अदृश्य इमामाशी आपला थेट संबंध आहे. दाईंना वळसा घालून इमामाकडे जाणारी वाट म्हणजे गादीलाच आव्हान. मुलाचं नाक कापलं गेलं आणि ‘मजदू’, म्हणजे नाककापा, हे बिरूद बाप-लेकांना कायमचं चिकटलं. त्यांच्या मागे गेलेली मंडळी हिबतिया म्हणून वेगळी पडली. त्यांची मोजकी घरं उज्जैनमध्ये राहिली. जमातीतून तुटणं म्हणजे काय, हे बाखलीतल्या पोरालाही त्या नाकावरून समजलं असेल. व्यापाऱ्याच्या बाबतीत तुटणं म्हणजे सोयरिक तुटणं, दफनाची जागा तुटणं, आणि पत तुटणं. हा तिसरा तोटा पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायचा आहे.

आता सराफ्याकडे परत. फेब्रुवारी १७९८ मध्ये पुण्यात दौलतराव शिंद्यांचं लग्न कागलच्या सखाराम घाटगे सर्जेरावांच्या मुलीशी झालं. लग्नाचा खर्च आणि फौजेचा थकलेला पगार भागवायला सर्जेरावांनी पुण्याच्या सधन घरांवर हात टाकला. नाना फडणिसांच्या एका नातलगाचा तापलेल्या तोफेला बांधून जीव गेल्याचं ग्रँट डफने नोंदवलं आहे. पैसे वसूल करण्याची ती सर्जेरावी पद्धत. तीन वर्षांनी, जुलै १८०१ मध्ये, यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या पलटणी मोडल्या आणि शहराकडून पैसा घेतला. ऑक्टोबरात सर्जेरावांनी इंदूर लुटून त्याची भरपाई केली. दोन मराठी घराण्यांच्या या उसनवारीत माळव्याचा सराफ भरडला गेला. १८१० च्या सुमारास दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करात हलवली.

त्या लग्नातली नवरी म्हणजे बायजाबाई. बापाने तोफ वापरली. मुलीने वही वापरली, आणि तिची कमाई जास्त टिकली. उज्जैनमध्ये नाथजी किशनदास आणि नाथजी भगवानदास या दोन पेढ्या त्यांच्या होत्या. व्याजाने रक्कम द्यायची, हुंड्या वटवायच्या, हुंड्यांवर सट्टा करायचा, हा पेढ्यांचा धंदा. २१ मार्च १८२७ रोजी दौलतराव गेले. तिथून १८३३ पर्यंत ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हाती होता, आणि कंपनी सरकारनेही त्यांच्याकडून मोठी रक्कम कर्जाऊ घेतली. ज्या कंपनीने वसईचा तह करून पेशवाई गिळली तिला कागलकरांच्या लेकीने व्याजाने पैसे द्यावेत, यात मला तरी एक प्रकारचं समाधान वाटतं. दत्तकपुत्र जनकोजींनी त्यांना बाहेर काढल्यावर कंपनीने त्यांना जिथे जिथे ठेवलं तिथे तिथे त्यांचा पैसा ही इंग्रज अधिकाऱ्यांच्या काळजीची बाब राहिली. फॅनी पार्क्स ही इंग्रज प्रवासी बाई १८३५ मध्ये त्यांना भेटली तेव्हा तिला घोड्यावर बसणाऱ्या मराठी बायका आणि रुबाबदार बाईसाहेब दिसल्या. पेढ्या तिच्या नजरेच्या बाहेर होत्या. पुढे बायजाबाई उज्जैनला येऊन बरीच वर्षं राहिल्या. छत्री चौकाजवळचं गोपाळ मंदिर त्यांचंच. सराफा तिथून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तो योगायोग असेल असं वाटत नाही.

बायजाबाईंच्या काळात उज्जैनच्या सराफ्याचं इंजिन होतं अफू. खसखशीचं बोंड चिरायच्या आधीच गावचा सावकार शेतकऱ्याला उचल देई, सावकाराला शहरातला सराफ देई, सराफाला मुंबईचा आडत्या. दर पायरीवर व्याज. कंपनीला हा माल आपल्या मक्त्यात हवा होता. माळव्याचे व्यापारी तो आडवाटांनी पोर्तुगिजांच्या दमणला नेत आणि तिथून चीनकडे लावत. अखेर कंपनीने हात टेकले आणि १८३० नंतर मुंबईमार्गे जाणाऱ्या पेटीमागे १७५ रुपये घेऊन परवाना द्यायला सुरुवात केली. ज्या शहरात रोज संध्याकाळी चीनच्या भावावर पैजा लागत, तिथे पैसा फुकट वापरायला देणं म्हणजे वेडेपणाच ठरला असता.

१८५५ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखातली व्याजाची जुनी मर्यादा उठली. वीस वर्षांत त्याचं फळ आपल्याकडे सुप्याला दिसलं. मे १८७५ मध्ये पुणे-नगरच्या कुणब्यांनी सावकारांचे दस्त जाळले आणि १८७९ चा शेतकरी कायदा करावा लागला. शिंद्यांच्या मुलखात हे कायदे नव्हते, पण सावकार मात्र तसेच होते.

बोहऱ्यांची गादी तोवर बुऱ्हाणपूरमार्गे सुरतेला गेली होती. १८१३ च्या दुष्काळात ४३वे दाई अब्देअली सैफुद्दीन यांनी काठियावाडातल्या बारा हजार लोकांना सुरतेला आणून पोसलं, कामाला लावलं, त्यांची मजुरी साठवून ठेवली आणि निघताना भांडवल म्हणून त्यांच्या हाती दिली, असं जमातीच्या इतिहासात सांगतात. आकडा थोडा इकडेतिकडे असेल. पण या गोष्टीत पुढच्या व्यवस्थेचं बी आहे: पैसा जमातीचा, सांभाळणार दाई, परत मिळणार तो धंद्यासाठी. उज्जैनशी नातं तुटलं नाही. १८८५ मध्ये ४७वे दाई अब्दुल कादिर नजमुद्दीन यांचं दफन इथेच झालं. कमरी मार्गावरच्या मजार-ए-नजमीला आजही देशोदेशीचे बोहरे जियारतीला येतात. अफूचे दिवस सरले, गिरण्यांचे आले. नजरअली मिलच्या रूपाने एका बोहरा घराण्याचं नाव शहराच्या भोंग्याला जोडलं गेलं.

विसाव्या शतकात गोष्ट उज्जैनबाहेर जाते. १९६३ मध्ये इजिप्तमधल्या मित ग़म्र या नाईलकाठच्या गावात अहमद अल-नज्जार नावाच्या अर्थतज्ज्ञाने एक बचत बँक काढली. जर्मनीतल्या गावोगावच्या बचत बँका त्याने पाहिल्या होत्या. व्याज द्यायचं नाही, घ्यायचं नाही. बचत करणाऱ्याला अडीनडीला कर्ज. नासरच्या राजवटीत धर्माचं नाव घेणं धोक्याचं, म्हणून इस्लाम हा शब्द पाटीवर नव्हता. तरीही शेतकरी आले, कारण त्यांचे ओळखीचे लोक आत बसलेले होते. इस्लामी बँकांचा आधुनिक इतिहास या बँकेपासून मोजतात. त्याच वर्षी मलेशियात हजच्या बचतीसाठी सरकारी संस्था निघाली. १९७५ मध्ये तेलाच्या पैशावर दुबई इस्लामिक बँक आणि जेद्दाची इस्लामी विकास बँक आली. भारतात १९६१ पासून देवबंदला मुस्लिम फंड होता, सोनं ठेवून बिनव्याजी पैसे देणारा.

आणि याच वर्षांत उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातून एक बोहरा तरुण स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला होता. राजस्थानातल्या सलुंबर इथल्या आमिलाचा, म्हणजे जमातीच्या पुरोहिताचा, हा मुलगा मुंबई महानगरपालिकेत नोकरीला लागला आणि असगर अली इंजिनियर या नावाने देशाला माहीत झाला. १९७० च्या दशकात उदयपूरच्या बोहरा तरुणांनी दाईंच्या अधिकाराला आव्हान दिलं, बहिष्कार ओढवून घेतला, स्वतःची नागरी सहकारी बँकही चालवली, तेव्हा इंजिनियर त्यांच्या बाजूने उभे राहिले. जयप्रकाश नारायण यांच्या सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी या संघटनेने न्यायमूर्ती नथवानी यांची समिती नेमली. १९७९ मध्ये तिचा अहवाल आला, बहिष्कृतांच्या हालांच्या साक्षींनी भरलेला. पुढच्याच वर्षी इंजिनियर यांचं बोहऱ्यांवरचं पुस्तक आलं.

नेमक्या याच वळणावर ५२वे दाई सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांनी जमातीला सांगितलं: व्याज सोडा, घेणंही आणि देणंही. त्याच लाटेत पुरुषांची दाढी, पांढरा साया-कुर्ता आणि सोनेरी काठाची टोपी, आणि बायकांचा रिदा हा बुरखावजा पोशाख यांचेही नियम आले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ जोना ब्लँक याने २००१ च्या आपल्या पुस्तकात हा सगळा काळ रंगवला आहे: धर्माचरण जुन्या वळणाचं, आणि जमातीचं दफ्तर मात्र संगणकावर. दोनशे वर्षं जे झालं नाही ते या वेळी काही वर्षांत झालं. ग्रंथात एका अक्षराचा फरक पडला नव्हता.

फरक पडला तो व्यवस्थेत. नुसतं ‘सोडा’ म्हटलं असतं तर व्यापाऱ्याने मान डोलावून ओव्हरड्राफ्ट चालू ठेवला असता. आज्ञेबरोबर पेटी आली. बोहऱ्यांच्या गुजरातीमिश्रित बोलीत तिला कर्जन हसना म्हणतात. जमातीतले ऐपतदार लोक ठरावीक काळासाठी रक्कम ठेवतात, मुदत संपल्यावर तेवढीच परत घेतात. मधल्या काळात ती दुसऱ्याला धंद्यासाठी, घरासाठी, शिक्षणासाठी जाते. घेणारा सोनं गहाण ठेवतो किंवा जामीन देतो, आणि हप्त्याने फेडतो. प्रत्येक गावात याची समिती असते आणि आमिलांचं लक्ष असतं. मराठी वाचकाला ही मोठ्या भिशीसारखी वाटेल. फक्त इथे नंबर लागायला चिठ्ठी काढत नाहीत, गरज आणि पत पाहतात.

कमरी मार्गावरचा हार्डवेअरचा एखादा दुकानदार डोळ्यांपुढे आणा. त्याला पाच लाख हवेत. बँकेत जायचं तर विवरणपत्रं, तारण, तपासणी आणि वर्षाला दहा-बारा टक्के. समितीत बसलेल्या चार जणांना त्याच्या दुकानात किती माल आहे, बापाने कोणाचे पैसे बुडवले होते का, मुलगा कसा निघाला, हे सगळं आधीच ठाऊक आहे. बँक ज्या माहितीसाठी फी घेते ती इथे जमातीच्या जेवणात, थाळाभोवती बसल्या बसल्या गोळा होते. म्हणून हे कर्ज स्वस्त पडतं. व्याज नाही हे एक कारण. बुडवणारा कमी सापडतो हे दुसरं, आणि माझ्या मते वजनदार. हप्ता चुकवून तो जाणार कुठे? त्याच मशिदीत, त्याच थाळावर. मुलीचं लग्न लावायला रजा म्हणजे परवानगी हवी ती त्याच आमिलांची.

ठेवणाऱ्याचं कोडं जास्त कठीण आहे. महागाईच्या काळात रक्कम तशीच्या तशी परत घेणं म्हणजे दर वर्षी थोडं दान करणंच. पुण्य मिळतं, बरकत येते, हे तो मनापासून मानतो. त्यावर शंका घेण्याचं मला कारण दिसत नाही. पण मोहरमच्या अशराच्या, म्हणजे दहा दिवसांच्या, सभांतून आवाहन झालं आणि शेजारच्या चौघांनी नावं दिली की आपलं नाव नसणं दिसतं. उद्या आपल्यालाच नड आली तर ठेवीदाराचं नाव समितीला आठवतं. श्रद्धा, प्रतिष्ठा, विमा आणि थोडी भीती या चौघांना एकमेकांपासून वेगळं काढता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाखलीत चार दिवस राहून यावं.

प्रश्नावली घेऊन हे कोडं सोडवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. १९८९ मध्ये जॉर्डनमधल्या ग्राहकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोक इस्लामी बँक निवडतात ते मुख्यतः धर्मासाठी, असं त्यात आढळलं नाही. नफा आणि आप्तमित्रांचा प्रभाव ठळक दिसला. पुढे इतर देशांतल्या काही पाहण्यांत धर्म पहिला आला, तर काहींत बँकेचं नाव आणि तत्पर सेवा. निकालांच्या या विसंगतीचं अभ्यासकांना मोठं अप्रूप. उज्जैनचा इतिहास माहीत असलेल्याला त्यात नवल वाटू नये. धर्म सगळीकडे होताच; कोणत्या गावात त्याला पेटी मिळाली आणि पेटीवर कोण बसलं, यावर उत्तर बदलतं.

पेटीवर कोण बसलं याची किंमत बंगळुरूने मोजली. आय मॉनेटरी अॅडव्हायजरी या कंपनीने हलाल नफ्याच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांकडून सुमारे ४,००० कोटी रुपये गोळा केले. दर महिन्याला भरघोस ‘नफा’ वाटला जाई, मौलवींची शिफारस होती, आणि जून २०१९ मध्ये मालक दुबईला निघून गेला. तिथेही लोक ओळखीच्या माणसाच्या शब्दावरच आले होते. पण ओळखीच्या माणसाच्या मागे वही तपासणारं कोणी नव्हतं. बोहऱ्यांच्या पेटीत नफ्याचं आमिषच नाही. ज्यात वाढ मिळत नाही त्यात लोभ्याला रस नसतो, हे तिचं मोठं संरक्षण.

सरकारदरबारी या विषयाचा प्रवास लांबत गेला. भारतीय बँकिंग कायदा १९४९ चा. बँकेने माल विकत घेऊन विकू नये असं तो सांगतो, आणि इस्लामी बँकेची नेहमीची रीत तर हीच: यंत्र आपण घ्यायचं आणि ग्राहकाला नफा लावून हप्त्याने विकायचं. २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, २०१५ मध्ये दीपक मोहंती समितीने बँकांत स्वतंत्र खिडकी सुचवली. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा विचार पुढे न नेण्याचा निर्णय जाहीर केला: सर्वांना बँकसेवेची समान संधी आहेच. मधल्या २०१६ साली गंमत घडली ती महाराष्ट्रात. सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बार्शीच्या शाखेत बिनव्याजी ठेवी आणि बिनव्याजी कर्जाची योजना सुरू केली, आणि तिच्यामागे होते भाजपचे सहकारमंत्री सुभाष देशमुख. दिल्लीत ज्या विषयाचं नाव काढताच टीव्हीवर भांडणं लागतात, तो बार्शीत एका शाखेच्या काउंटरवर साधेपणाने मांडला गेला.

कर्जन हसनाचं एक टोक मात्र अजून न्यायालयात अडकलेलं आहे, जरी त्या खटल्याच्या कागदांत हे कर्ज हा मुद्दा नाही. जमातीबाहेर काढण्याला बंदी करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. बहिष्कार हा दाईंच्या धार्मिक अधिकाराचा भाग मानला गेला. सुधारकांनी १९८६ मध्ये त्या निकालाच्या फेरविचारासाठी अर्ज केला. गादीची बाजू अशी की शिस्त नसेल तर संप्रदायच उरणार नाही, आणि तो युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच शिस्तीवर ती पेटी चालते. सुधारकांचं म्हणणं असं की माणसाची सोयरिक, दफन आणि पत एकाच हातात असू नये. असगर अली इंजिनियर १४ मे २०१३ रोजी गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोपवला.